चांद्याच्या रानात जुनी जीप

चांद्याचे रान म्हटले, की आपल्या शहरी डोळ्यांपुढे एकदम वाघच उभा राहतो. ताडोबाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि वाघ पाहायला जाणाऱ्यांची वाट तेथवर रुळली. पण ते रान ताडोबापाशी संपत नाही. दक्षिणेला बल्लारपूर, तेथून पुढे गोंडपिपरी, वैनगंगेकाठची आष्टी, सागाची आलापल्ली आणि शेवटी भामरागड, असे ते पसरत गेले आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा निराळा झाला. रान मात्र एकच राहिले.

या मुलखात रस्त्याला आणि वाहनाला जे मोल आहे, ते पुण्यामुंबईच्या माणसाला घरबसल्या कळायचे नाही. १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात ती वस्ती महिनोन्‌महिने जगापासून तुटे. आजही पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा मार्ग अडतो. गाडी बंद पडणे ही इथे नुसती गैरसोय नसते, हे मनात धरूनच या वाटेला लागावे.

गेल्या नाताळात आम्ही या वाटेला लागलो, ते वकीलसाहेबांच्या जीपमधून. जीप वडिलार्जित, जुन्या विलिस नमुन्याची. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे कित्येक वर्षे फॉरेस्ट खाते, पाटबंधारे खाते आणि लष्कर यांचा संसार तिच्यावर चालला. चार सिलिंडरांचे साधेसुधे इंजिन. झाकण उघडले, की प्रत्येक अवयव डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो.

आमच्या जीपचा स्वभाव मात्र चमत्कारिक होता. पळताना ती गुणी पोरासारखी पळे. पण पाय रेसवरून काढला, की दोन आचके देऊन गप्प! चंद्रपुरात जटपुरा दरवाजाखाली गप्प, बल्लारपूरच्या फाटकाशी गप्प, समोर शेळ्यांचा कळप आला तरी गप्प. बंद पडली की दोन मिनिटांत पुन्हा सुरू होई, हेही खरे. बल्लारपूरला गोंडराजांचा किल्ला आहे, तो पाहण्याचा आमचा बेत नव्हता. जीपच्या कृपेने तोही घडला.

आष्टीकडे जाताना मात्र विनोद सरला. या रस्त्यावर सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक चालतात. वळणावर एकाला वाट देण्यासाठी वकीलसाहेबांनी वेग कमी केला, तोच इंजिन बंद! मागून दुसरा ट्रक येत होता. त्याच्या ब्रेकची किंकाळी अजून कानांत आहे. तो हातभर अंतरावर थांबला. आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “अहो, आता ही दुरुस्त झाल्याशिवाय मी पुढे येणार नाही.” वहिनींनी लगेच त्यांची बाजू घेतली. ठराव एकमताने मंजूर झाला.

वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर एक टपरीवजा गॅरेज भेटले. मिस्त्री पन्नाशीचा. वकीलसाहेबांनी आल्याआल्या सांगून टाकले, “कार्बोरेटर बदलायला हवा म्हणतात.” मिस्त्री हसला. “पळते ना जी गाडी? मंग बदलाचं काऊन? अगुदर पाहू तर द्या!”

त्यानंतरचा तासभर मला एखाद्या चांगल्या व्याख्यानासारखा वाटला. रेस सोडली, की कार्बोरेटरमधली झडप जवळजवळ मिटते. मुख्य जेटचे काम थांबते आणि बारीक वाटेने येणाऱ्या पेट्रोलच्या थेंबावर इंजिनाला जगावे लागते. त्या वाटेत कचरा अडकला, तर पळणारी गाडीही उभी राहताच मरते. म्हणून त्याने आधी तो छोटा जेट काढून फुंकून घेतला. पॉइंटमधले अंतर पाहिले. ते सुमारे अर्धा मिलिमीटर असावे लागते, तेवढे होते. प्लग पुसले. पेट्रोलात आता इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलची नळीही चाचपली. मे महिना असता तर उन्हाने नळीतच पेट्रोलची वाफ झाली का, हेही पाहिले असते, म्हणाला. एका वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येकीनंतर इंजिन सुरू करून कान देणे. तरी गाडी बंद पडतच होती.

मग त्याने मिश्रणाचा स्क्रू आतबाहेर फिरवला. इंजिनाच्या आवाजात काही फरक पडेना. “आता समजलं,” तो म्हणाला, “कुठून तरी फालतू हवा घेऊन राह्यली.” धावताना इंजिन इतकी हवा ओढते, की चोरवाटेने शिरलेली थोडी हवा खपून जाते; उभे असताना मात्र तीच थोडी हवा सगळे मिश्रण पातळ करून टाकते. मॅनिफोल्डच्या गास्केटवर त्याने संशय घेतला आणि सोडला. शेवटी त्याचा हात एका काळ्या रबरी नळीवर थांबला.

ही नळी वायपरची. या जुन्या जीपांत काच पुसणारा वायपर विजेवर नव्हे, तर इंजिनाच्या शोषणावर चाले. आमचा वायपर कित्येक वर्षे मुका होता, म्हणून त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. पण त्याची नळी मॅनिफोल्डला जोडलेलीच होती आणि टोकाशी चिरली होती. मिस्त्रीने ती उपटली आणि भोकावर अंगठा दाबला. क्षणात इंजिनाची धडधड एकसारखी झाली. अंगठा काढला, की आचके; ठेवला, की शांत.

त्याने नळीचा चांगला तुकडा जागेवर ठेवला, सागाची एक ढलपी तासून तिच्यावर सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळले आणि तोंडात घट्ट ठोकली. “नवी नळी चंद्रपुरात घ्या, साहेब. तवर आलापल्लीचा साग काही दगा देत नाई.” पैसे मात्र फक्त जेट साफ केल्याचे घेतले. खुंटीचे घेईना.

पुढे आलापल्लीच्या उंच सागांतून हेमलकशापर्यंतचे सुमारे ६० किलोमीटर जीप एकदाही बंद पडली नाही. संध्याकाळी भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तिन्ही नद्यांचा संगम पाहिला. पलीकडच्या रानावर धुके उतरत होते आणि काठावर उभी असलेली जीप हलक्या आवाजात चालू होती. वकीलसाहेबांनी ती मुद्दामच बंद केली नव्हती. धावपळीत लपलेले दोष स्वस्थ उभे राहिल्यावरच दिसतात, हे इंजिनाइतकेच माणसालाही लागू असावे. दुरुस्तीसाठी मोठाच भाग बदलावा लागतो, असेही नाही. चिरलेली जागा सापडेपर्यंत कान देऊन बसणारा एखादा मिस्त्री वाटेत भेटावा लागतो.