पुदिना, शेप आणि जिरे

आमच्या घरी औषधांचे वेगळे कपाट नव्हते. जे काही होते ते मिसळणाच्या डब्यात आणि परसात. पोट दुखले की आई तळहातावर ओवा आणि चिमूटभर मीठ ठेवी. सर्दी झाली की आले घालून गवती चहा उकळी. गुडघा फुटला तर जखमेत हळद भरी. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील आमच्या खेड्यात डॉक्टर आठवड्यातून एकदाच, बाजारच्या दिवशी येत. पुढे पुण्यात नगर रोडवरील पेपल सेमिनरीत शिकत असताना फादर सेबास्टियन क्नाइप या जर्मन धर्मगुरूंविषयी वाचले आणि ते मला दूरचे नातलगच वाटू लागले. विणकराच्या या मुलाला तरुणपणी क्षयाने गाठले होते. 1849 साली ऐन थंडीत डॅन्यूब नदीत डुबक्या मारण्यास त्यांनी आरंभ केला आणि ते बरे झाले. पुढे गार पाणी, वनस्पती, साधा आहार, व्यायाम आणि नियमित दिनक्रम यांचा प्रसार करीत ते युरोपभर प्रसिद्ध झाले. धर्मगुरूनेही आरोग्याविषयी बोलण्यास हरकत नाही, असा मी त्यातून सोयीस्कर अर्थ काढला.

मी बोललो. त्याविषयीच लिहायचे आहे.

काही वर्षांपूर्वी माझा रक्तदाब वाढल्याचे आढळले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि मीठ कमी करण्यास बजावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याच्या आत मीठ खावे. ऐकायला सोपे वाटते. परंतु पापड, लोणचे, फरसाण आणि बेकरीची खारी यांतले मीठ मोजू लागल्यावर माझे डोळे उघडले. आमच्या स्वयंपाकीण बाईंनी मग युक्ती केली. आमटीत मीठ निम्म्यावर आणले आणि उतरवताना वरून लिंबू पिळून मूठभर कोथिंबीर घालू लागल्या. फोडणीत कढीपत्ता वाढला. ताकात मिठाऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि पुदिना आला. पहिले दोन-तीन आठवडे जेवण म्हणजे प्रायश्चित्तच होते. नंतर जिभेला त्याची सवय झाली, इतकी की कोणाच्या घरी जेवायला गेलो तर तिथली भाजी खारट लागू लागली. स्वयंपाकघरातील या वनस्पतींचा मला खरा उपयोग झाला तो असा. त्यांनी रोग बरा केला नाही. जे कमी करायचे होते ते कमी करणे सुसह्य केले. सायंकाळच्या मिस्सानंतर अर्धा तास चालण्याचीही सवय लावून घेतली.

उपवासकाळातील एका रविवारी साध्या आहाराविषयी प्रवचन करताना मी हे सारे सांगितले. श्रोते तल्लीन झाले होते (धर्मगुरूच्या वाट्याला हे रोज येत नाही), आणि त्या भरात, साखरेच्या विकारावर रात्री भिजवलेल्या मेथीदाण्यांचे पाणी किती गुणकारी असते, हेही सांगून मोकळा झालो.

तीन-चार महिन्यांनी एका मुलाचा निरोप आला : आई रुग्णालयात आहे, फादरांनी यावे. मावशींना मी चांगले ओळखत होतो. पायाला चप्पल लागल्याचे निमित्त झाले होते. जखम चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. मी विचारले, "मावशी, गोळ्या चालू होत्या ना?" त्या सहजपणे म्हणाल्या, "नाही फादर. तुम्हीच नव्हतं का सांगितलं? गोळ्या महाग पडतात, मेथी घरातच होती." मुलगा पायथ्याशी उभा होता. तो काही बोलला नाही.

गोळ्या बंद करा, असे मी म्हटले नव्हते. पण बंद करू नका, असेही म्हटले नव्हते. मेथीदाण्यातील तंतू पोटात बुळबुळीत होऊन साखरेचे शोषण मंदावतात, हे खरे आहे. पण तो पथ्याला हातभार झाला, गोळीची जागा तो घेऊ शकत नाही. गोळीबरोबर मेथी नेमाने घ्यायची असेल तरीही डॉक्टरांना सांगावे लागते, कारण दोहोंनी मिळून साखर फार खाली जाऊ शकते. हे मला त्या रुग्णालयातील डॉक्टरांनी समजावले, प्रवचनानंतर चार महिन्यांनी! मावशींनी मात्र कसलीही तक्रार केली नाही. त्यांनी मला प्रार्थना करायला सांगितले, आणि तेच अधिक जड गेले.

त्या रात्री मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय आठवला. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशांश काटेकोरपणे देणारे, पण मुख्य गोष्टी विसरणारे लोक प्रभूने तेथे फटकारले आहेत. प्रभू पुदिन्याला नावे ठेवीत नाही. ते करावे आणि हेही सोडू नये, असे त्याचे म्हणणे आहे. मी जिऱ्याचा हिशेब चोख दिला होता.

पुढे त्या बाजूने जाताना पुणे स्टेशनच्या परिसरातील दोन वास्तूंकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहतांचे निसर्गोपचार केंद्र होते. तेथे गांधीजी राहिले होते, आणि 1946 साली उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम त्यांच्याच प्रेरणेने उभा राहिला. त्याच गांधीजींच्या आंत्रपुच्छावर जानेवारी 1924 मध्ये, ते येरवड्याचे कैदी असताना, ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने शस्त्रक्रिया केली होती. निसर्गोपचाराचा एवढा पुरस्कर्ता, पण वेळ आली तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियेला संमती दिली. या दोन वास्तूंमध्ये चालत जाण्याइतकेच अंतर आहे.

आता महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर एक परिचारिका धर्मभगिनी चर्चच्या आवारात टेबल मांडून रक्तदाब आणि साखर तपासतात. मावशी काठी टेकीत रांगेत पहिल्या असतात. गोळ्यांची पाकिटे त्यांच्या पिशवीत दिसतात. गेल्या खेपेस त्यांनी मलाही खुर्चीवर बसवले. वरचा आकडा एकशे पन्नास निघाला. सिस्टर काही बोलण्याआधीच मावशी म्हणाल्या, "फादर, लोणचं?"

कैरीचा हंगाम नुकताच सरला होता. मी मान्य केले.