बसलेला आवाज

भाऊबीज आटोपली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडई सुरू होते. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दुकानं, पाहुणे, सोयरिकीच्या गोष्टी; रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर वडशाच्या कंपनीचं नाटक. पडदा उघडायलाच उशीर होतो आणि नाटक पहाट करूनच संपतं. या दिवसांत गावात कितीतरी जणांचा आवाज बसलेला असतो. नटाचा, शाहिराचा, माईकवर पुकारा करणाऱ्याचा. धानाच्या मळणीतली धूळ खाऊन शेतकऱ्याचा. त्याची कोणाला काळजी वाटत नाही. उलट आवाज बसला म्हणजे माणूस राबला, असा आमच्याकडे त्याचा मान. ज्येष्ठमध चघळावा, मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या कराव्या, पुढच्या मंडईला जावं.

माझाही आवाज अशाच एका मंडईत बसला. जन्म शाळेत शिकवण्यात गेला, संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, मग खंजिरीवर भजनं. होळी पेटली, विझली, तरी आवाज उठला नाही. प्रार्थनेला बसणाऱ्या कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. बायकोला वाटलं. "अवो, फोनवर तुमचा आवाज वळखूच येत नाही ना जी," ती म्हणाली आणि मला भंडाऱ्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली, स्वरतंतूवरची गाठ दाखवली, तुकडा तपासायला पाठवला. तो कर्करोग निघाला.

स्वरयंत्राच्या कर्करोगाची एक गोष्ट मला तेव्हा कळली आणि ती मनातून जात नाही. फुप्फुसातला किंवा पोटातला रोग बराच काळ गप्प बसतो. स्वरतंतूवरचा मात्र अगदी लहान असतानाच आवाजात उतरतो, कारण तंतूंची कड जराशी खडबडीत झाली तरी सूर फाटतो. म्हणून तो लवकर सापडू शकतो, आणि लवकर सापडला तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो, आवाजही राहतो. शरीर इतक्या उघडपणे सांगत असतं, आणि आम्ही बसलेल्या आवाजाची इतकी सवय करून घेतलेली, की ऐकतच नाही.

उपचारांसाठी नागपूरला गेलो. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात रांगेतल्या प्रत्येकाला तोच प्रश्न होता: बिडी, सिगारेट, खर्रा, दारू? तंबाखूचा धूर आणि दारू ही या रोगाची दोन मोठी कारणं. दोन्ही जोडीनं आली की धोका नुसत्या बेरजेनं वाढत नाही, त्याहून पुष्कळ वाढतो. आमच्याकडे हा प्रश्न घराघरात शिरतो. उन्हाळ्यात अख्खी कुटुंबं पहाटे जंगलात बिडीचा तेंदूपत्ता तोडायला जातात. त्या पानांच्या पैशावर शाळेची पुस्तकं येतात, लग्नं होतात. रांगेतल्या माणसाला दोष देणं सोपं आहे, माझ्याच्यानं ते होत नाही.

किरणोपचार सुरू झाले. नागपुरात या रोगाच्या एका मोठ्या रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. महाराज स्वतः कर्करोगानंच गेले, 11 ऑक्टोबर 1968 ला, मोझरीला. ज्यांच्या खंजिरीनं विदर्भातली खेडी जागी केली, त्यांनाही हे दुखणं सोसावं लागलं. टेबलावर आडवा पडलो की मला तेच आठवायचं. गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी तोंडावर आणि मानेवर ओढून बसवतात, ती निवली की तुमच्याच चेहऱ्याचा साचा होतो. रोज त्या साच्यासकट टेबलाला जखडतात, म्हणजे मान तसूभरही हलू नये. किरणं जाणवत नाहीत, काही मिनिटांत काम होतं. मी आत मुक्यानं प्रार्थना म्हणायचो. आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे असं चालतं.

त्रास मागाहून येतो. दोन-तीन आठवडे लोटले की तोंड सोलवटतं, मानेची कातडी काळी पडते, थुंकी चिकट होते, घोटभर पाणी गिळायला मन घट्ट करावं लागतं. आणि चव जाते. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. शिजायला लागला की वास ओसरीपर्यंत येतो. बायको त्याची पातळ पेज करायची, गाळून, कोमट करून. वास पूर्वीसारखाच यायचा. मी डोळे मिटून तो भरून घ्यायचो आणि पहिल्या घोटाला जिभेवर काहीच नसायचं, ओल्या कागदासारखं. भूक लागते, वास बोलावतो आणि तोंड ओळख देत नाही, हे दुःख मला वेदनेपेक्षा मोठं वाटलं. ती मात्र रोज विचारायची, "आज काही लागते का जी?" खूप दिवसांनी एकदा मीठ लागलं. मी मान हलवली. ती पदरानं डोळे पुसत पुन्हा पेज वाढायला उठली.

रुग्णालयात तुमसरकडचे एक शेतकरी भेटायचे. त्यांचा रोग उशिरा सापडला होता, स्वरयंत्र काढावं लागलं होतं. श्वास गळ्याच्या छिद्रातून, आणि आत बसवलेल्या लहानशा झडपेमुळे छिद्रावर बोट ठेवून बोलता यायचं. जाड, एकसुरी आवाज. पहिल्या भेटीत त्यांनी गळ्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "गुरुजी, अवंदा धानाचा बोनस भेटते का?" माझ्या मनातली कितीतरी भीती त्या प्रश्नानं गेली.

आता पाण्याची बाटली सोबत असते, कारण लाळ पुरेशी सुटत नाही. दात जपावे लागतात, थायरॉईडची तपासणी करत राहावी लागते, ठरल्या तारखेला दुर्बीण घालून घ्यावी लागते. सकाळी आवाज खरखरतो, दुपारपर्यंत मोकळा होतो. वरची पट्टी गेली. प्रार्थनेत मी खालच्या सुरात म्हणतो आणि भजनात खंजिरी वाजवतो.

मंडई पुन्हा येईल. तुमच्या घरात, नाटक मंडळीत, शाळेत कोणाचा आवाज बसून तीन आठवडे झाले आणि उठला नाही, तर ज्येष्ठमधावर थांबू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, दुर्बीण घालायला काही मिनिटं लागतात. खर्चाला भिऊन घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार होतात, राशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. आणि तो माणूस नाही म्हणाला, तरी त्याला सोबत घेऊनच जा.