एक डिस्क गेली तरी चालतं

पप्पांचा नेवाशात फोटो स्टुडिओ आहे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी लाइट गेली, आली, परत गेली. रात्री घरचा कॉम्प्युटर चालू झाला, पण फोटोंचा ड्राइव्ह गायब. चारही डिस्क फिरत होत्या. त्यांना एकत्र चालवणारं रेड कंट्रोलर कार्ड मेलं होतं. आत गावातली पंधरा वर्षांची लग्नं होती. घरात कुणी वारलं की लोक अजूनही पप्पांकडे येतात, "एखादा चांगला फोटो असेल का?" विचारत.

हा सेटअप मीच इंजिनिअरिंगला असताना करून दिला होता. रेड ५ मध्ये डेटाबरोबर त्याचा हिशोबही चारही डिस्कवर विखरून ठेवतात. कुठलीही एक डिस्क गेली, तर उरलेल्या तिघींवरून ती भरून काढता येते. पप्पांना मी एवढंच सांगितलं होतं, "एक डिस्क गेली तरी चालतं." त्यांनी विश्वास ठेवला आणि जुन्या डीव्हीडी भंगारात दिल्या. कार्ड गेलं तर काय, चुकून फोल्डर डिलीट झालं तर काय, हे मी बोललोच नव्हतो.

नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मूळ पोथी आज नाही. ती टिकली नकलांमुळे. नकलांत चुका शिरल्या, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून पाठ शुद्ध केला. हे लहानपणापासून ऐकूनही मला कळलं नव्हतं, की आमच्या चार डिस्क म्हणजे चार प्रती नव्हत्याच. एकच पोथी चार बासनांत बांधलेली होती.

पुण्याहून त्याच कंपनीचं, त्याच मालिकेतलं जुनं कार्ड आणलं. डिस्क काढण्याआधी मार्करने १ ते ४ आकडे टाकले, केबलींचे फोटो काढले. मग लिनक्सवर एकेक डिस्क जोडून तिची अख्खी नक्कल घेतली. यातच दोन दिवस गेले. पप्पा दर तासाला चहा आणायचे आणि काही न विचारता जायचे.

नवं कार्ड बसवलं. स्क्रीनवर आलं : फॉरिन कॉन्फिगरेशन. म्हणजे या डिस्कची मांडणी दुसऱ्या कार्डाने केलेली आहे. ती मांडणी डिस्कवरच लिहिलेली असते, म्हणून नवं कार्ड ती वाचू शकतं. खाली दोन पर्याय : इम्पोर्ट आणि क्लिअर. क्लिअरने ती नोंदच पुसली जाते. नकला हाताशी असूनही इम्पोर्ट दाबताना हात थरथरला.

ड्राइव्ह दिसला. पप्पांनी २०११चं एक फोल्डर उघडलं, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "हे आधीच सांगितलं असतंस, तर डीव्हीडी ठेवल्या असत्या."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक कपाटातल्या डिस्कवर, एक माझ्याकडे पुण्यात. दर महिन्याच्या १ तारखेला पप्पा नवी कॉपी करतात आणि त्यातलं कुठलंतरी एक जुनं लग्न उघडून बघतात. ही सवय मी लावलेली नाही. आता ते माझ्या शब्दावर विसंबत नाहीत, आणि तेच बरं आहे.