उचल किती लागेल?

जालन्यात नवी कंपनी काढायचे ठरले की आधी जागेचा शोध सुरू होतो. एमआयडीसीत प्लॉट मिळेल का, समृद्धी महामार्ग किती जवळ, वीजजोडणीला किती दिवस, बँक किती देईल, यावर महिनोन्महिने खल चालतो. भागीदार कोण, यावर मात्र कुणी खल करत नाही. तो आधीच ठरलेला असतो. मेहुणा असतो, शाळेपासूनचा मित्र असतो, नाहीतर मोंढ्यातला शेजारचा दुकानदार. माझ्याकडे माणसे येतात ती भागीदारीपत्र करून घ्यायला, आणि तोवर सुपारी फुटलेली असते. चार्टर्ड अकाउंटंट म्हणून या गावात फर्म उभ्या करून देणे आणि त्यांतल्या कित्येकांचा शेवटचा हिशेब मिटवून देणे, हेच माझे आयुष्यभराचे काम. उभारणीपेक्षा मिटवामिटवीत भागीदारी जास्त समजते, म्हणून हा लेख.

लोकांना वाटते, भागीदाऱ्या अफरातफरीने तुटतात. तशी प्रकरणे असतात, पण थोडी. बहुतेक तुटतात त्या उचलीवर. भागीदाराने घरखर्चासाठी फर्ममधून काढलेला पैसा म्हणजे उचल. त्यात चोरी काही नसते. रक्कम रीतसर त्याच्या नावे पडते. तरीही दोन सज्जन माणसांना एकमेकांचे तोंड पाहू नये असे वाटायला लावण्याची ताकद तिच्यात आहे.

बियाण्याच्या धंद्यातले एक उदाहरण सांगतो. दोघे जण. एक अंबड तालुक्यातला, बीजोत्पादनात मुरलेला. नर-मादीच्या ओळी, फुलांचे क्रॉसिंग, मजुरांच्या टोळ्या, सगळे त्याला तोंडपाठ. दुसऱ्याचे शहरात कृषी सेवा केंद्र, चार जिल्ह्यांतल्या विक्रेत्यांशी ओळख. एकाकडे माल, दुसऱ्याकडे बाजार. कागदावर याहून चांगली जोडी सापडणार नाही. पण बियाण्याचा पैसा कसा फिरतो ते पाहा. पाकिटे मे-जूनमध्ये विक्रेत्याकडे जातात, बहुतेक उधारीवर. पाऊस लांबला तर माल पडून राहतो आणि परत येतो. पाकिटावरची मुदत तपासणीच्या तारखेपासून नऊ महिन्यांची. परतीचा माल पुन्हा उगवणशक्तीच्या चाचणीला घालावा लागतो, नापास झाला की धान्याच्या भावानेही जात नाही. विक्रेत्यांचा हिशेब दसरा-दिवाळीला बसतो. त्याच जूनमध्ये पुढच्या वर्षाचे बीजोत्पादन शेतात उभे असते आणि त्या शेतकऱ्यांचे पैसे उन्हाळ्याच्या आत चुकते करायचे असतात. म्हणजे पैसा वर्षातून एकदा येतो, आणि आला की लगेच जायला निघतो.

अंबडकराच्या घरी शेती होती. त्याचे घर सुगीच्या पैशावर वर्षभर चालायचे. त्याला ती सवय होती. शहरातल्या भागीदाराच्या डोक्यावर घराच्या कर्जाचा हप्ता, मुलगा लातूरला क्लासला. त्याला दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे लागत. तो ते उचलत गेला. पहिला खरीप बरा गेला म्हणून कुणी बोलले नाही. दुसऱ्या वर्षी पावसाने ताण दिला, परतीचा माल आला, शेतकरी दारात उभे राहिले आणि बँकेचे खाते मर्यादेला टेकलेले. अंबडकर म्हणाला, तू बी खाल्लेस. समोरचा म्हणाला, मग माझ्या लेकराने काय खायचे? दोघेही खरे बोलत होते. त्यांना एकमेकांचा स्वभाव, जात-गोत, सोयरेधायरे सगळे ठाऊक होते. एकमेकांच्या घराला दर महिन्याला किती लागतात, हे मात्र दोघांनी कधी विचारले नव्हते.

म्हणून नव्या कंपनीसाठी भागीदार निवडताना माझा पहिला प्रश्न हाच असतो. धंद्यातून एक पैसा न काढता तुझे घर किती महिने चालेल? हा प्रश्न दोघांना एकमेकांसमोर बसवून विचारतो. संकोच होतो, पण आकडा आला की पुष्कळ गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. आणि हा आकडा धंद्याशी ताडून पाहावा लागतो. सळईच्या धंद्यात चक्र वेगळे आहे. भंगार आणायचे, भट्टीत वितळवून बिलेट काढायचे, रोलिंग मिलमधून सळई ओढायची. पैसा रोज फिरतो, पण वीजबिल दर महिन्याला येते आणि ते थकवता येत नाही. तिथे महिन्याची उचल खपून जाते. तिथे खरी कसोटी खरेदीची. भंगाराच्या व्यापारात मालाविना नुसते बिल देणारे लोक फिरत असतात. भागीदाराने मोहाला बळी पडून तसले बिल घेतले, तर जीएसटीची वसुली एकट्यावर येत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ९० प्रमाणे फर्मच्या कराला सगळे भागीदार एकत्र आणि एकेकटेही जबाबदार असतात. बाहेर पडलेल्या भागीदाराने महिन्याच्या आत आयुक्तांना लेखी कळवले नाही, तर कळवण्याच्या दिवसापर्यंतची जबाबदारी त्याच्याही गळ्यात राहते. फर्म सोडून मोकळे झालो असे समजणाऱ्यांना पुढे नोटीस आलेली मी पाहिली आहे.

भागीदारीपत्र लिहिताना 'आपल्यात कसले आलेय लिहायचे' हे वाक्य हमखास कानी पडते. आपण गप्प राहिलो की १९३२ चा भागीदारी कायदा आपल्या वतीने बोलतो, हे या मंडळींना माहीत नसते. पत्रात वाटा लिहिला नसेल तर नफा-तोटा सारखा. एकाने चाळीस लाख घातले आणि दुसऱ्याने पाच, तरी सारखा. दिवसभर गाळ्यावर बसणाऱ्याला पगार हवा असेल तर तोही लिहिलेला पाहिजे, एरवी कायदा एक रुपया देत नाही. भांडवलावर व्याज ठरले असेल तर तेही नफा झाला तरच. आणि एका भागीदाराचा मृत्यू झाला की, वेगळे लिहिले नसल्यास, फर्म तिथेच विसर्जित होते. फर्मची नोंदणी नसेल तर कराराचा हक्क मागायला भागीदाराला दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. महाराष्ट्राने १९८४ साली दुरुस्ती करून विसर्जनाचा दावासुद्धा अशा फर्मला बंद केला होता. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली रद्द केली, तेव्हा कुठे त्या भागीदारांना श्वास घेता आला.

लोक म्हणतात, मग खासगी कंपनी काढतो किंवा एलएलपी करतो, जबाबदारी मर्यादित. कायद्याने ते खरे आहे. व्यवहारात बँक कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी घेते, आणि त्या सहीने मर्यादा निम्मी-अधिक पुसली जाते. कंपनीत भागीदाराची निवड आणखी नाजूक होते, कारण तिथे टक्का बोलतो.

टक्का कसा बोलतो याचे उत्तम उदाहरण आपल्याच गावात आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको उभी केली. संकरित बियाणे खासगी कंपनीने तयार करून विकायचे, ही कल्पना तेव्हा देशात नवी होती. त्यांचे पहिले भागीदार, माझ्या मते, बीजोत्पादक शेतकरी. कागदावर ते भागीदार नव्हते, पण शेजारच्या शिवारातले परागकण आपल्या प्लॉटवर येऊ न देणारा, नको ती झाडे वेळेवर उपटणारा शेतकरी नसेल तर संकरित बियाण्याची शुद्धता राहत नाही. त्या विश्वासावर तीन दशके धंदा वाढला आणि मग, १९९८ साली, अमेरिकेच्या मोन्सँटोने महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला. त्याच वर्षी बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

२६ हा आकडा नीट पाहा. कंपनीच्या नियमावलीत बदल करण्यासारख्या मोठ्या निर्णयांना विशेष ठराव लागतो, आणि त्याला तीन चतुर्थांश मते लागतात. २६ टक्केवाल्याला कंपनी चालवता येत नाही, पण त्याच्या संमतीशिवाय असा ठराव मंजूरही होत नाही. गाडी मालकाच्याच हाती राहते, पाहुण्याच्या हाती ब्रेक असतो. बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या कापसाच्या तंत्रज्ञानासाठी मात्र दोघांनी महिको मोन्सँटो बायोटेक ही वेगळी कंपनी काढली, तिथे वाटा निम्मा-निम्मा. एकाकडे जनुक, दुसऱ्याकडे भारतातली वाणे, शेते आणि माणसे. एकाविना दुसऱ्याचे चालणार नव्हते, म्हणून निम्मा. २००२ च्या मार्चमध्ये केंद्राच्या समितीने महिकोच्या तीन बीटी वाणांना परवानगी दिली. घरची कंपनी वेगळी, जोखमीचा संयुक्त धंदा वेगळा, आणि दोन्हींत टक्के वेगळे, ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. आमच्याकडे नेमके उलटे होते. ओळख झाली की सरसकट 'पन्नास-पन्नास', मग कामाचे स्वरूप काही का असेना.

अर्थात मोठ्या भागीदाराबरोबर त्याची भांडणेही घरी येतात. बियाण्यातल्या तंत्रज्ञान-शुल्कावरून २००६ साली आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले आणि बीटी कापसाच्या पाकिटाचे भाव निम्म्याहून खाली आले. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाण्याच्या किमतींवर नियंत्रणाचा आदेश काढला. पुढे २०१८ साली मोन्सँटोच बायरने विकत घेतली. आपण ज्याच्याशी हात मिळवला तो उद्या दुसऱ्याच्या मालकीचा होऊ शकतो, हेही करारात धरावे लागते. वाटा विकायचा झाल्यास आधी मला विचार, हे कलम लहान कंपनीतही असायलाच हवे. जालन्यातच बेजो शीतल ही डच कंपनी बेजो आणि इथली शीतल यांची जोडी भाजीपाल्याच्या बियाण्यात टिकून आहे. परदेशी भागीदार म्हणजे भांडण असे काही नाही.

वेगळे होण्याची वेळ नेहमी भांडणानेच येते असेही नाही. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झालेली 'महिंद्र अँड मोहम्मद' घ्या. फाळणी झाली, मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. इतका मोठा इतिहास मध्ये आला तरी धंदा थांबला नाही.

आता माणसाची पारख कशी करायची, तेही सांगतो. आज पुष्कळ माहिती उघड्यावर आहे. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोण कुठे संचालक आहे आणि कंपनीवर कर्जाचा किती बोजा आहे, ते दिसते. सलग तीन वर्षे विवरणपत्रे न भरणाऱ्या कंपनीचा संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. असा माणूस तुमच्या नव्या कंपनीत संचालक होऊच शकत नाही, हे नोंदणीच्या दिवशी कळण्यात काय अर्थ? जीएसटी क्रमांकावरून विवरणपत्रे वेळेवर जातात की नाही ते कळते. न्यायालयांच्या संकेतस्थळावर नावाने खटले शोधता येतात. पण मी याहून जास्त मानतो ते त्याच्या जुन्या मुनिमाचे, हमालाचे आणि ट्रकवाल्याचे मत. बड्या व्यापाऱ्याचे बिल वेळेवर देणारे पुष्कळ असतात. हमाली आणि भाडे रोखीने, न मागता, त्याच दिवशी देणारा माणूस हिशेबाला सरळ असतो. मोंढ्यात दोन दिवस उभे राहिलात तरी हे कळते.

आणि शक्य असेल तर कंपनी काढण्याआधी एक हंगाम एकत्र काम करा. एक लॉट, एक कंत्राट, एक ट्रक माल. तोटा झाला तर उत्तमच, कारण तोट्यात माणूस काय करतो हे नफ्याच्या दहा वर्षांत कळत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. त्या वर्षी घेणेकऱ्यांचे फोन उचलणारे कोण आणि बंद करणारे कोण, हे त्या त्या गावात आजही सांगतात.

एक गोष्ट मात्र मनापासून, हात जोडून सांगायची आहे. कर वाचवायला किंवा बँकेचा आकडा जुळवायला घरातल्या बाईला कागदावर भागीदार करतात. ती सही करते, धंद्यातले तिला काहीच सांगत नाहीत. फर्म बुडाली की कायदा तिला पूर्ण भागीदार मानतो. तिच्या नावचे शेत, तिचे घर, सगळे पणाला लागते. तिला भागीदार करायचे असेल तर खरी करा. खाते दाखवा, दर महिन्याला हिशेब समजावून द्या, तिची हरकत ऐका. कित्येक घरांत पैशाची जाण तिलाच जास्त असते, आणि उचल किती झेपेल हे तर नक्कीच तिला ठाऊक असते.

पाडव्याला नवी वही घालणारे पुष्कळ जण हा अंक वाचत असतील. वहीपूजनाआधी भागीदाराच्या घरी जा, दोन्ही घरची माणसे एकत्र बसवा आणि महिन्याची उचल, पहिली उचल कधीपासून, आणि दुष्काळी वर्षात ती किती कमी होईल, हे तीन आकडे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. भागीदारीपत्र त्यानंतर करा.