आठवीच्या वर्गासाठी एक सफर

फजरची नमाज झाली आणि भाड्याची क्रूझर मशिदीच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहिली. आम्ही सात जण होतो, चार बायका आणि तीन पुरुष; सगळे आमच्या गावच्या उर्दू शाळेच्या व्यवस्थापन समितीतले. आमचे गाव अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले, पण कंडक्टर अजून 'नगर, नगर' असेच ओरडतो आणि आमच्याही तोंडी तेच बसले आहे, म्हणून इथे नगरच लिहितो.

जाण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. दरवर्षी आमच्या शाळेचा प्रगतीचा अहवाल वाचला जातो. यंदाचा बरा होता. पट थोडा वाढला, गळके छप्पर लोकांच्या चंद्यातून दुरुस्त झाले, नळाला पाणी आले. टाळ्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात वयस्क खाला उठल्या आणि म्हणाल्या, "सातवी पास झालेल्या पोरी पुढं कुठं गेल्या, ते यात का लिहिलेलं नाही?"

शाळा सातवीपर्यंतच आहे. गेल्या वर्षी सातवीतून अकरा मुली बाहेर पडल्या. पुढच्या शाळेत गेल्या चार. बाकीच्या सात घरी आहेत. हे सगळ्यांना माहीत होते, फक्त कागदावर नव्हते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग हेडमास्तर म्हणाले, "आपल्याच जिल्ह्यात लोकांनी शाळा उभ्या केल्यात. एकदा बघून तरी येऊ."

नगरला पोहोचलो तेव्हा ऊन वर आले होते. वाटेतच आहे म्हणून किल्ल्यात गेलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, दारावर ओळखपत्र दाखवावे लागते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाल्यावर काँग्रेसच्या कार्यकारिणीला इथेच आणून ठेवले होते. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहिले, हे शाळेच्या पुस्तकात असते. मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे इथेच लिहिली, हे मात्र आमच्यातल्या तिघांना पहिल्यांदाच कळले. पत्रे ज्यांच्या नावाने लिहिली त्यांना ती त्या काळी पाठवता येत नव्हती. मौलाना लिहीत राहिले आणि कागद साठत गेले. चहावर लिहिले, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांवर लिहिले. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, तेव्हा मौलाना याच भिंतींच्या आत होते. भेटीसाठी इंग्रज सरकारपुढे अर्ज करणे त्यांनी मान्य केले नव्हते. स्वातंत्र्यानंतर हेच देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. आमच्या शाळेत ११ नोव्हेंबरला त्यांच्या फोटोला हार घालतात. खाला त्या आवारात बराच वेळ उभ्या राहिल्या.

शाळा बघायला नगरला येणारे आम्ही काही पहिले नव्हतो. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार बाई १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि १८४८ मध्ये भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. पुढे जोतीराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली. फातिमा शेख याच घरातल्या. हे बोलणे गाडीतच निघाले. मागच्या बाकावरून एक भाभी म्हणाल्या, "म्हणजे आपल्या माणसानं तेव्हा घर दिलं होतं. आपल्याला एक खोली जमत नाही होय?" यावर कोण काय बोलणार!

नगरपासून हिवरे बाजार साधारण १७ किलोमीटर. हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा आहे, चांगल्या वर्षीही पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेले. विहिरी आटल्या, तरुण कामासाठी शहरांकडे गेले, गावात दारूच्या भट्ट्या आणि भांडणे राहिली. सरकारी नोकराला शिक्षा म्हणून या गावी बदली देत, असे सांगतात. यात शिक्षकही आले. शिक्षा म्हणून आलेला मास्तर कसे शिकवील, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९८९ मध्ये गावातल्या तरुणांनी पोपटराव पवार यांना बिनविरोध सरपंच केले. ते एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे. आता बाहेरून येणारे लोक हिवरे बाजारला पाणी बघायला येतात, आणि ते बघण्यासारखे आहेच. डोंगरउतारावर ओळीने खोदलेले समतल चर, वर झाडी, खाली भरलेल्या विहिरी. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पाच सूत्रे गावाने ग्रामसभेत ठरवून पाळली. पुढे शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, जमीन बाहेरच्याला विकायची नाही, हेही ठरले. दरवर्षी पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, त्यावरून पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढे मांडतात आणि मग कोणते पीक घ्यायचे ते ठरते. पाणी कमी असेल त्या वर्षी जास्त पाण्याचे पीक नाही. १९९५ मध्ये गावातल्या १८२ पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पंधरा-सोळा वर्षांत ती तीनवर आली.

पण आम्ही शाळेसाठी आलो होतो. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हाला ओट्यावर बसवले, पाणी दिले. शाळा तेव्हा चौथीपर्यंत होती. लोकांनी श्रमदान करून वर्गखोल्या उभ्या केल्या, मैदानासाठी जमीन दिली. पुढे इथेच दहावीपर्यंतची सोय झाली. आमच्या हेडमास्तरांनी विचारले, "पैसे आधी आले का लोक आधी आले?"

ते हसले. म्हणाले, "लोक. पैसे मागून आले. पण मास्तर, लोक एका सभेत येत नसतात."

एवढेच बोलून ते गप्प झाले आणि आमच्यासाठी चहा सांगायला उठले. आमच्या मनात हिशोब सुरू झाला. आमच्याकडे सभा वर्षातून एकदा होते. इथे ग्रामसभेत पाण्याचा शेवटचा आकडासुद्धा लोकांसमोर येतो, आणि आमच्या अहवालातून सात मुलीच गाळलेल्या होत्या. कोरोनाच्या काळातही या गावाने आधी गाव कोरोनामुक्त केले आणि २०२१ च्या जूनमध्ये, राज्यात सगळीकडे वर्ग बंद असताना, आपली शाळा सुरू केली. त्या दीड वर्षात आमच्याकडे किती मुले मोबाइलअभावी मागे पडली, ते आम्ही मोजलेही नाही.

जोहरची वेळ झाली. हिवरे बाजारमध्ये मुस्लिम कुटुंब एकच. त्या एका घरासाठी गावाने मस्जिद बांधून दिली आहे. हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते, तरी प्रत्यक्ष तिथे उभे राहणे वेगळे. लहानशीच आहे. आजकाल रोज जे कानावर येते त्यात ही बातमी सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहोत. एका घराची गरज ही गावाची गरज मानली गेली. शाळेच्या बाबतीतही गावाने हेच केले असणार, असे आम्हाला वाटले. आमच्या मोहल्ल्यात ज्यांच्या घरी मुली नाहीत ते आठवीच्या वर्गासाठी एक रुपया काढायला तयार नसतात.

तिथून पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला गेलो. वेळ थोडा होता. अण्णा हजारेंचे गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला कुतूहल होते ते तिथल्या हायस्कूलचे. गावाने श्रमदानातून शाळा उभारली आणि प्रवेश देताना इतरत्र नापास झालेल्या, कोणी न घेतलेल्या मुलांना जवळ केले. आमच्याकडे नापास झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दिसतो. मुलगी तर दिसतही नाही.

परतताना गाडीत हेडमास्तरांनी कायद्याची गोष्ट काढली. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. वय ६ ते १४ पर्यंत मोफत शिक्षण, म्हणजे आठवी त्यात येते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे. आम्ही आजवर आराखड्यावर सह्या करत आलो. खालांनी विचारले, "त्यात आठवीचा वर्ग लिहिता येतो का?" मास्तर म्हणाले, येतो. मागणी जिल्हा परिषदेकडे जाईल, खोली दाखवावी लागेल, पट दाखवावा लागेल. पट म्हणजे मुलींची नावे. आधी त्या सात घरी जावे लागेल.

सुप्याला चहासाठी थांबलो. मगरिबला अजून थोडा अवकाश होता. अहवालाच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही सात नावे लिहिली. कोणाच्या घरी कोणी जायचे, कोणाचे अब्बा ऐकतील आणि कोणाची दादी अडवील, यावर चर्चा झाली. एका भाभीने दुपारी मुलींना सोबत नेण्या-आणण्याचे कबूल केले. मस्जिदीमागची बंद खोली ट्रस्टकडे मागायची ठरली. ती मिळेल की नाही, याची खात्री नव्हती.

आमच्यातले एक भाई दिवसभर फार बोलले नव्हते. हिवरे बाजारलाही ते मागे मागेच राहिले होते. यादीतले पाचवे नाव त्यांच्याच मुलीचे होते. लिहिताना हे सगळ्यांना माहीत होते, आणि कोणी त्यांच्याकडे पाहिले नव्हते. चहाचा पेला खाली ठेवून ते म्हणाले, "आधी माझ्या घरी या. उद्या असरनंतर. तिच्या अम्मीला मी आज रात्री सांगून ठेवतो."

खालांनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि आम्ही गाडीत बसलो.