कोणत्या फोनचं कुलूप उघडतं

हातात मावेल एवढा संगणक आणि त्यात लिनक्स, ही बातमी मी शाळेत असताना वर्तमानपत्रात वाचली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या काही प्राध्यापकांनी एन्कोअर कंपनीच्या साथीने सिंप्युटर घडवला होता आणि २००१ मध्ये त्याचा नमुना लोकांपुढे आला. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही वापरता यावा, एकच यंत्र गावातल्या अनेकांनी आपापलं स्मार्टकार्ड घालून वापरावं, असा तो बेत. आमच्या विसरवाडीत तेव्हा फोन म्हणजे सुरत-धुळे रस्त्यावरचा एसटीडी बूथ. एक यंत्र सगळ्यांनी मिळून वापरायचं, ही गोष्ट आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यामुळे ते यंत्र आपल्यासाठीच आहे असं मला मनापासून वाटलं.

२००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातून ‘अमिडा’ नावाने तो बाजारात आला, दहा हजारांच्या आसपासच्या किमतीपासून पुढे. यंत्र हातात तिरकं केलं की पान उलटायचं. आयफोन यायला त्यानंतर तीन वर्षं होती. खप मात्र काही हजारांपुढे गेला नाही. मी सिंप्युटर कधी हातात घेतला नाही, पण हातातलं यंत्र कसं असावं याचं माझं माप तेव्हा ठरलं, ते अजून तेच आहे.

दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, इंटेक्सने फायरफॉक्स ओएसवर चालणारा ‘क्लाउड एफएक्स’ १,९९९ रुपयांना आणला. मोझिलासारख्या संस्थेची सगळ्यांना खुली असलेली प्रणाली दोन हजारांच्या आत मिळत होती. मी तो नंदुरबारहून आणला. साडेतीन इंचांचा पडदा, १२८ एमबी रॅम, इंटरनेट टू-जीवर. तो हळू चालायचा, त्याचं मला काही वाटलं नाही. पण त्यात काही बदलावं म्हटलं तर चिपचे ड्रायव्हर बंद पेटीत. पुढच्याच वर्षी मोझिलाने फोनचा नाद सोडला आणि तो फोन होता तिथेच थांबला. प्रणाली खुली असणं आणि यंत्र खुलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या फोनने मला दाखवलं. २०१७ च्या जिओफोनमधलं कायओएस याच फायरफॉक्स ओएसच्या बियाण्यातून उगवलेलं. आमच्या नवापूर तालुक्यात तो घरोघरी पोचला. मूळ इतकं मोकळं असूनही वापरणाऱ्याला त्यात आपलं काही पेरायला जागा नव्हती.

तेव्हापासून फोन निवडताना मी उलट्या टोकाने सुरुवात करतो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे शेवटी. आधी बूटलोडर उघडतो का, म्हणजे कंपनीने घातलेली प्रणाली काढून दुसरी घालता येते का. मग चिप कोणती. मग जगात कुठे तरी कुणी त्या नेमक्या मॉडेलची प्रणाली अजून सांभाळतंय का. टेबलावरच्या संगणकाला एवढी चौकशी लागत नाही, कारण आपल्यात काय काय आहे हे तो स्वतःच प्रणालीला बऱ्यापैकी सांगतो. फोन सांगत नाही. कोणता पडदा, कोणती बॅटरी, कुठल्या तारेवर काय जोडलंय, हे कुणीतरी बसून प्रत्येक मॉडेलसाठी लिहावं लागतं. म्हणून हजारो मॉडेलांमधून हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच खऱ्या अर्थाने कामाची निघतात.

नावावर तर अजिबात विसंबू नये. रेडमी नोट ४ या एकाच नावाखाली दोन वेगळे फोन होते, एक मीडियाटेक चिपचा आणि एक स्नॅपड्रॅगनचा. आपल्याकडे २०१७ मध्ये स्नॅपड्रॅगनवाला विकला गेला हे आपलं नशीब, कारण त्याच्यावर लिनिएज ओएस, म्हणजे अँड्रॉइडचीच खुली आवृत्ती, उत्तम चालली. पोको एफ१ ची गोष्ट आणखी बारीक. २०१८ चा हा फोन आजही जुन्या बाजारात मिळतो; स्नॅपड्रॅगन ८४५ चिपमुळे त्याच्यावर पोस्टमार्केटओएस, म्हणजे जवळपास पूर्ण लिनक्स चालतं. पण त्याचे पडदे दोन कंपन्यांचे, तियानमा आणि ईबीबीजी, आणि दोघांसाठी प्रणालीची फाइल वेगळी. बाहेरून दोन्ही फोन सारखेच. मी जुना पोको घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘‘सर, त्यात काय बघायचं, चालू आहे ना?’’ तो चांगला माणूस. मी तासभर त्याच्या काउंटरला टेकून माहिती शोधत होतो तर त्याने चहा मागवला.

इथे एक अडचण मात्र स्पष्ट सांगायला हवी. जिओला टू-जी, थ्री-जी नाहीच. फोर-जीवरून बोलणं, ज्याला व्होल्टे म्हणतात, ते फोनला जमलं नाही तर कॉल लागतच नाही. पूर्ण लिनक्सच्या फोनमध्ये हीच बाजू अजून लंगडी आहे. आमच्या जवळच्या कोंडाईबारी घाटात गाडी बंद पडली तर तत्त्व उपयोगी पडत नाही, कॉल लागावा लागतो. म्हणून रोजच्या खिशातला फोन लिनिएजचा आणि लिनक्सचा पोको घरी, अशी माझी वाटणी आहे. ज्याला एकच यंत्र परवडतं त्याला मी लिनिएजच सुचवतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्याला मी कळफलक दाखवतो. आमच्या घरात मावची बोलतात. मावची देवनागरीत लिहिली की साधा फोन ती लगेच हिंदी नाहीतर मराठी करून टाकतो. आईने सांगितलेला शब्द मी टाइप करावा आणि त्याने तो ‘सुधारावा’, हे मला सहन होत नाही. कंपन्यांच्या भाषांच्या यादीत मावची कधी येईल याची वाट बघत बसण्यापेक्षा मी हेलीबोर्ड हा खुला कळफलक घेतला. त्यात आपला शब्दसंग्रह आपण घालू शकतो. भाताच्या जाती, गवतांची नावं, नात्यांची नावं, असं एकेक विचारून भरतोय. हेलीबोर्ड साध्या अँड्रॉइडवरही चालतो, हे खरं. पण ज्या फोनला कंपनीने दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर सोडलं, त्यातला संग्रह किती काळ तगेल? शब्द गोळा करायला याहून कितीतरी जास्त वर्षं लागणार आहेत.

परवा भाची म्हणाली, ‘‘मामा, मला पण लिनक्सवालाच फोन लावून द्या.’’ तिला गावातल्या म्हाताऱ्यांची गाणी व्हिडिओत घ्यायची आहेत. माझ्या पोकोवर पोस्टमार्केटओएसमध्ये कॅमेरा चालत नाही. लिनिएजवर चालतो. म्हणून तिला मी दुसरा पोको शोधतोय, लिनिएजला पडदा कोणताही चालतो, आणि त्यात लिनिएजच घालणार आहे.