कात्रजचा घाट कुणाला दाखवताय?

‘कात्रजचा घाट दाखवणं’ म्हणजे काय, हे पुणेकराला सांगावं लागत नाही. १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं छाटून महाराज निसटले आणि बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मावळ्यांनी मोगलांना कात्रजच्या घाटात पळवलं, ही गोष्ट आपण चौथीपासून ऐकतोय. गनिमाला चकवायला युक्ती झकासच होती. पण हल्ली त्याच घाटाच्या पायथ्याशी ती भलत्याच लोकांवर वापरली जाते.

फोनवर म्हणायचं, ‘वन बीएचके रिकामा आहे, या बघायला.’ आणि दारात मणिपूरची मुलगी किंवा नायजेरियाचा मुलगा दिसला की, ‘अरेरे, कालच गेला हो!’ झाला की नाही कात्रजचा घाट?

स्वारगेटहून निघालात की अर्ध्या-पाऊण तासात कात्रज चौक. कोल्हापूर-बंगळूरच्या ट्रॅव्हल्सची हाकाटी, वडापावचा घमघमाट, सर्पोद्यानाकडे निघालेली बच्चेकंपनी. जरा अलीकडे भारती विद्यापीठ, आणि आजूबाजूला धनकवडी-आंबेगावात मेस, होस्टेल, ‘कॉट बेसिस’च्या पाट्याच पाट्या. सांगली-साताऱ्याची मुलं इथे राहतात, तशीच ईशान्येकडची आणि परदेशातलीही. मोमोजची गाडी तर फुल्ल चालते. म्हणजे मोमो आपल्याला चालतात. पण तसा चेहरा शेजारी राहायला आला की तो ‘चिंकी’. काळा रंग दिसला की ‘निग्रो’ आणि ‘ड्रग्जवाला’ एका दमात. आपण याला गंमत म्हणतो. याचं खरं नाव वंशद्वेष.

‘छे, ते अमेरिकेत असतं!’ असं म्हणणार असाल तर ऑगस्ट २०१२ आठवा. आसामात कोक्राझारकडे दंगल पेटली होती. इकडे पुण्यात ईशान्येकडच्या काही तरुणांना मारहाण झाली. त्यात एसेमेस आणि खोट्या क्लिप्सनी अफवांचं पेव फुटलं. हजारो मुलं-मुली बॅगा भरून पुणे स्टेशनवर. शेवटी १७ ऑगस्टला केंद्र सरकारने घाऊक एसेमेसवर १५ दिवसांची बंदी घातली. आपल्या ऑफिसातली, क्लासमधली ही माणसं. ज्या शहरात घर मांडलं, तिथून रातोरात पळावंसं त्यांना वाटलं.

आणि अमेरिकेचंच बघायचं, तर १९८७ मध्ये जर्सी सिटीत ‘डॉटबस्टर्स’ नावाच्या टोळक्याने भारतीयांवर हल्ले केले. ‘डॉट’ म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली! तिथे ‘वेगळे दिसणारे’ आपण होतो.

मग करायचं काय? आधी थोडा अभ्यास. त्यासाठी जाडजूड पुस्तकच हवं असं नाही, रविवारी कात्रजच्या तळ्यावर चला. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी इथून जमिनीखालून दगडी नळ काढून पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास, आणि पेठांमध्ये पाणी भरायला काळा हौद, बदामी हौद असे हौद. इंजिनीअर मंडळींनी तर बघायलाच हवं.

आता गंमत ऐका. पाणी जमिनीखालून नेण्याची ही करामत दख्खनमध्ये त्याच्या शंभरेक वर्षं आधीच झाली होती. आजच्या छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी. ती बांधवणारा मलिक अंबर जन्माने इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कारभार हाकणारा. १६१०च्या सुमारास त्याने ते शहर वसवलं, तेव्हा त्याचं नाव खडकी होतं. ज्या खंडातल्या मुलाला आज आपण फ्लॅट नाकारतो, तिथल्या माणसाने आपल्या मराठवाड्याला पाणी पाजलंय!

तळ्याची दुसरी गोष्ट मात्र कडू आहे. शहरात पाणी आलं, पण हौदाला हात कुणी लावायचा हे जात ठरवायची. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यांनी भाषण नाही ठोकलं. स्वतःच्या मालकीची वस्तू मोकळी केली. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पुढे राज्यघटनेच्या १५व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते कुणाला बंद करता येणार नाहीत, असं लिहिलं गेलं. त्यात ‘वंश’ हा शब्द आहे, बरं का. भाड्याच्या फ्लॅटचा उल्लेख मात्र नाही. ती जागा आपण भरायची.

कशी? या पाच गोष्टी उद्यापासून जमतील :

- ईशान्येची आठ राज्यं न अडखळता सांगून बघा. आणि ‘आफ्रिकेचा’ नाही, ‘केनियाचा’, ‘सुदानचा’ म्हणा.

- नाव नीट उच्चारायला शिका. दोनदा विचारलं तर कुणी रागावत नाही. टोपणनाव चिकटवलं तर दुखतं.

- बसमध्ये कुणी टिंगल करत असेल तर त्या मुलीशेजारी जाऊन बसा, गप्पा सुरू करा. प्रकरण हातघाईवर आलं तर ११२ लावा.

- फ्लॅट सोडताना एजंटला स्पष्ट सांगा : भाडं आणि कागदपत्रं बघा, चेहरा नाही. परदेशी भाडेकरूची माहिती मालकाला सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते. काकांना ते जमत नसेल, तर लॅपटॉप घेऊन शेजारी बसा. निम्मी अडचण तिथेच मिटते.

- सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘त्यांच्या जेवणाचा वास येतो’ असं कुणी म्हणालं, तर आपल्या सुकटीची आणि लसणीच्या फोडणीची आठवण करून द्या. हसत हसत, पण द्याच.

एकट्याने काय होणार, असं वाटतंय? फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शां. ब. मुजुमदारांना होस्टेलमध्ये काविळीने आजारी पडलेला मॉरिशसचा एक विद्यार्थी दिसला. परक्या मुलांचं इथे कुणी नाही, हे त्यांना लागलं. त्यातून १९७१ मध्ये ‘सिम्बायोसिस’ उभी राहिली.

आपल्याला विद्यापीठ काढायचं नाहीये. पुढच्या वेळी मीटिंगमध्ये ‘बाहेरच्यांना फ्लॅट द्यायचे नाहीत’ असा ठराव आला, तर विरोधात हात वर करायचाय, आणि ‘माझा विरोध इतिवृत्तात लिहा’ असं सेक्रेटरींना सांगायचंय.

जायचं कसं : स्वारगेटहून कात्रजच्या बस सतत असतात. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद, बाकी दिवस जा. आणि हो, ऑफिसातल्या आसामी कलीगलाही बरोबर घ्या. वडापाव तुमच्याकडून.